राग कुणाला आला, आणि किती वाजता?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर सेव्ह करून रात्री वाचा. अर्धी वाचून भांडायला येऊ नका, एवढीच विनंती.

डिसेंबर २०२४ पासून आमच्या बीड जिल्ह्यात एक वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता ते कोण बोलतंय हे बघायला मी मानसुद्धा वर करत नाही. केजच्या बसस्टँडवर ऐकलं, कोर्टाबाहेरच्या टपरीवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, एकदा तर दहाव्याला ऐकलं. वाक्य असं: "झालं ते वाईटच झालं, पण आधी त्यांना मारलं होतं ना."

हे वाक्य मस्साजोगच्या सरपंचांबद्दल आहे, संतोष देशमुखांबद्दल. ६ डिसेंबर २०२४ ला गावाजवळच्या पवनचक्की कंपनीच्या आवारात भांडण झालं. वॉचमनला मारहाण झाली, सरपंचांना बोलावणं गेलं, गावकरी धावले, मारायला आलेल्यांनाही मार बसला. ९ डिसेंबरला डोणगाव टोलनाक्याजवळून सरपंचांना गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी त्यांचा मृतदेह सापडला. पुढचं सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. आरोपपत्रातले फोटो ३ मार्च २०२५ ला बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी एका मंत्र्याचा राजीनामा झाला.

आरोपींची नावं मी इथे लिहीत नाही. निकाल कोर्ट देईल, आणि त्यांचा वकील कोर्टात जो काही बचाव घेईल तो त्यांचा हक्क आहे. माझं भांडण कोर्टातल्या वकिलाशी नाहीच. माझं भांडण टपरीवरच्या वकिलांशी आहे.

हे वाक्य फक्त टपरीवर होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०२५ ला भगवानगडाचे महंत नामदेव शास्त्री पत्रकारांशी बोलले, त्याचा मतितार्थ हाच होता: आरोपींना आधी मारहाण झाली होती, त्यांची ती मानसिकता माध्यमं का दाखवत नाहीत? टीका झाली. दोन दिवसांनी देशमुख कुटुंब गडावर गेलं, आपली बाजू मांडली, आणि मग गड या कुटुंबाच्या पाठीशी आहे असंही महंतांनी सांगितलं. दोन्ही गोष्टी घडल्या, दोन्ही लिहिल्या पाहिजेत. पण गडावरची भूमिका बदलली तरी गावागावातलं वाक्य काही बदललं नाही. ते आजही जसंच्या तसं आहे.

तर चला, आज त्या वाक्याला कायद्यात कुठे जागा आहे का ते शांतपणे बघू. कारण जागा आहे. अगदीच नाही असं नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०० मध्ये खुनाची व्याख्या होती आणि त्याखाली पाच अपवाद होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर १०१ झाला, अपवाद तेच राहिले. पहिला अपवाद रागाचाच आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या अवस्थेत त्याच्या हातून मृत्यू घडला, तर तो खून धरायचा नाही, सदोष मनुष्यवध धरायचा. फरक किती पडतो? खुनाला आपल्याकडे दोनच शिक्षा आहेत, जन्मठेप नाहीतर फाशी. सदोष मनुष्यवधात प्रकरण बसलं तर शिक्षा दहा वर्षांच्या आत येऊ शकते. म्हणजे "रागाच्या भरात" हे दोन शब्द कोर्टात सिद्ध झाले तर माणसाचं अर्धं आयुष्य परत मिळतं.

आणि हा अपवाद असायलाच हवा, हे मी आधीच सांगून टाकतो. डोळ्यासमोर लेकराला कुणी मारतंय आणि बापाने हातात सापडेल ते घातलं, तर तो बाप आणि सुपारी घेऊन मारणारा, दोघांना एकाच मापाने मोजणारा कायदा आंधळा म्हणावा लागेल. माणूस चुकतो, तोल जातो, हे कायद्याला १८६० पासून कळतं.

पण त्याच कायद्याला आणखी काही गोष्टी कळतात, त्या टपरीवर कुणी सांगत नाही. अपवादाच्या खालीच तीन अटी लिहिल्यात. साध्या मराठीत सांगतो.

एक: भांडण तुम्हीच उकरून काढलं असेल, मारायला निमित्त मिळावं म्हणून समोरच्याला चिडवलं असेल, तर राग आला ही सबब चालणार नाही.

दोन: सरकारी माणूस किंवा कुणीही कायद्याने वागत असताना तुम्हाला राग आला, तर तो धरला जाणार नाही.

तीन: समोरचा स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करत होता आणि त्याचा तुम्हाला राग आला, तर तोही धरला जाणार नाही.

तिसरी अट पुन्हा वाचा. वॉचमनला मार बसतोय म्हणून कुणी धावून गेलं आणि मारणाऱ्याला अडवलं, तर त्या अडवण्याचा राग हा कायद्याच्या लेखी प्रक्षोभ नाही. दुसऱ्याचा जीव वाचवायला धावणं हा हक्क आहे. त्या हक्काचा तुम्हाला राग आला तर तो राग तुमच्यापाशी ठेवा. ६ डिसेंबरला नेमकं काय झालं ते साक्षीपुराव्याने ठरेल. पण "आधी त्यांना मारलं होतं ना" म्हणणाऱ्याने निदान हे तरी सांगावं की का मारलं होतं आणि तिथे आधी कोण कुणाला मारायला आलं होतं. वाक्य अर्ध्यावरून सुरू करायचं नसतं.

आता घड्याळाकडे येतो. "अचानक" या शब्दाचा अर्थ काय, यावर आपल्याच राज्यात देशातला सगळ्यात गाजलेला खटला झाला.

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी जेवायला घरी होते. बायकोने कबुली दिली की तिचं प्रेम आहूजा नावाच्या त्यांच्याच मित्राशी संबंध आहे. नानावटींनी काय केलं? बायकोला आणि मुलांना गाडीत घालून मेट्रो टॉकीजला सोडलं. तिथून आपल्या जहाजावर गेले. खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. मग आहूजाच्या ऑफिसात गेले. तो तिथे नव्हता. मग त्याच्या घरी गेले. गोळ्या झाडल्या, आणि बाहेर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

तेव्हा ज्युरी होती. नऊपैकी आठ जणांनी सांगितलं, निर्दोष. सेशन जज्जला ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने खून धरून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि कारण देताना चक्क घड्याळ मांडलं. दुपारी दीडला घर सोडलं, खून चार-वीसला. मधे जवळपास तीन तास. या तीन तासांत माणसाने लेकरांना सिनेमाला बसवलं, रिव्हॉल्व्हर मिळवण्यासाठी थाप मारली, ऑफिसात चौकशी केली. ज्याला एवढं सगळं सुचतं त्याचा ताबा सुटलेला नसतो. राग होता, पण त्या रागाला सावरायला पुरेसा वेळ मिळाला होता. म्हणून अपवाद लागू नाही.

तीन तास! एका नौदल अधिकाऱ्याला, ज्याच्या बाजूने 'ब्लिट्झ'सारखं साप्ताहिक उभं होतं, आख्खी मुंबई उभी होती, त्यालासुद्धा कायद्याने तीन तासांची सूट दिली नाही.

आता आमच्याकडचं घड्याळ मांडा. ६ डिसेंबर ते ९ डिसेंबर. तीन दिवस. तीन दिवसांत माणूस जेवतो, झोपतो, दाढी करतो, मोबाईल चार्जिंगला लावतो. आरोपपत्रात म्हटलंय तसं अपहरण, गाड्या, मारतानाचे फोटो, व्हिडिओ हे सगळं खरं ठरलं, तर त्याला राग म्हणायला कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात जागा नाही. फोटो काढायला हात स्थिर लागतो हो.

शिवाय आरोपपत्राचं मूळ म्हणणं रागाचं नाहीच, खंडणीचं आहे. पैशाच्या आड सरपंच आला म्हणून त्याला संपवलं, असा आरोप आहे. म्हणजे सरकारी पक्ष म्हणतोय व्यवहार, आणि टपरी म्हणतेय भावना. भावना हा शब्द किती सोयीचा असतो बघा.

नानावटी खटल्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोर्टाचे गोडवे गातोय. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी, ११ मार्च १९६० ला, राज्यपालांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्याच ताब्यात ठेवायची सोय केली. आणि १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना माफी मिळाली. पुढे ते कुटुंबासह कॅनडाला गेले. म्हणजे कोर्टाने जे दिलं नाही ते वरून मिळालं. त्याच मुंबईत गोदीतल्या एखाद्या हमालाने हेच केलं असतं तर त्याच्यासाठी आठ जणांनी हात वर केले असते का? राज्यपालांनी त्याच दिवशी सही केली असती का? उत्तर तुम्हालाही माहिती आहे.

आणि माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. आपल्या समाजात राग सगळ्यांना येतो, पण सगळ्यांचा राग समजून घेतला जात नाही. ज्याची गाडी मोठी त्याचा राग म्हणजे स्वाभिमान. ज्याच्या घरात पत्रा गळतो त्याचा राग म्हणजे माज.

सर्वोच्च न्यायालयाने नानावटी निकालात एक कसोटी सांगितली: आरोपी ज्या समाजथरातला आहे त्याच थरातला समंजस माणूस त्या प्रसंगी ताबा घालवून बसला असता का? हेतू चांगला आहे, माणसाला त्याच्या परिस्थितीत ठेवून बघा असा. पण आमच्याकडे ही कसोटी उलटी वापरतात. "आमच्यात असं सहन करत नाहीत." झालं! 'आमच्यात' म्हटलं की सगळी जात साक्षीदार.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण २००९ चं आहे, दिलीप तिवारी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बहिणीने घरच्यांना न सांगता परजातीतल्या, परप्रांतातल्या मुलाशी लग्न केलं. भावाने आणि त्याच्या साथीदारांनी त्या मुलाला मारलं, त्याच्या वडिलांना मारलं, घरातल्या इतरांवरही हल्ला केला. फाशी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. गुन्हा खुनाचाच धरला, २५ वर्षं तुरुंगात काढायला लावली, हे खरं. पण कारणांमध्ये एक कारण असं होतं की बहिणीने असं लग्न केलं की समाज मोठ्या भावाला जबाबदार धरतो, त्याच्यावर त्याचा दबाव असतो, त्याची जातीची भावना चुकीची असली तरी खरी होती.

मी फाशीचा पुरस्कर्ता नाही, त्यामुळे फाशी रद्द झाली याचं मला दुःख नाही. दुःख कारणाचं आहे. जातीची भावना खरी असते म्हणून ती शिक्षा हलकी करायच्या बाजूला टाकायची? मग त्या बहिणीची भावना खोटी होती का? तिने जीव लावला होता, घर सोडलं होतं. तिच्या भावनेचं वजन कुठल्या ताजव्यात झालं? दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, भगवान दास खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने उलट टोक गाठलं आणि इज्जतीसाठीचे खून दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात मोडतात, फाशीला पात्र आहेत, असं सांगितलं. एकाच प्रकारच्या रागाला एकदा सवलत, एकदा दोर. राग मोजायचं माप आपल्याकडे किती ढिलं आहे, ते यावरून समजा.

आता स्वतःबद्दल सांगतो. कारण दुसऱ्यांवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी तालुक्याला वार्ताहर म्हणून लागलो होतो. एका वस्तीवर नवऱ्याने बायकोला मारलं. मी ठाण्यातून माहिती घेतली आणि बातमी पाठवली. मथळा आजही तोंडपाठ आहे: 'चारित्र्याच्या संशयावरून रागाच्या भरात पत्नीचा खून'. तीन कॉलम लागली. मी खूश.

चार दिवसांनी एक म्हातारी बाई मला शोधत आली. मयत मुलीची आई. हातात तो पेपर, घडी घालून पदराला धरलेला. वाचता येत नव्हतं तिला, कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल. तिने काहीच केलं नाही. खाली बसली आणि विचारलं, "भाऊ, तो रागात होता हे तुमाला कुनी सांगितलं? माझी पोरगी तर सांगायला नाय. त्यानंच सांगितलं असंल ना?"

मी म्हणालो, पोलिसांनी सांगितलं.

"पोलिसांला कुनी सांगितलं?"

मी गप्प. मग ती म्हणाली, "आदल्या आठवड्यात ती माहेराला आल्ती. म्हनली, आई, तो इळा पाजळून ठिवलाय. मीच तिला परत लावून दिली."

इळा. विळा. पाजळून ठेवलेला. आणि माझ्या मथळ्यात 'रागाच्या भरात'. 'चारित्र्याच्या संशयावरून' हे शब्दसुद्धा माझेच. म्हणजे मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर मी छापील शिंतोडा उडवला आणि मारणाऱ्याच्या हातात कोर्टाच्या आधीच अपवाद नंबर एक दिला. फुकटात. आरोपीचा जबाब हीच माझी बातमी झाली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं. मी त्या बाईला चहा पाजला. दुसरं काय करणार होतो? दुरुस्ती छापायची हिंमत नव्हती, तेवढी पतही नव्हती.

त्या दिवसापासून मी मथळ्यात 'रागाच्या भरात' लिहिलेलं नाही. 'क्षुल्लक कारणावरून' पण नाही. पण आजचे पेपर उघडा, पोर्टल उघडा. रोज सापडेल. आम्ही पत्रकार रोज सकाळी जिल्हाभर हा अपवाद वाटत फिरतो.

आता याची दुसरी बाजू. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईचा राग कायद्याला दिसतो का? तिचा राग 'अचानक' नसतो. नवरा दारू पिऊन रोज मारतो, ती सहन करते, दिवाळीनंतर उसाच्या फडावर जाते, पहाटे उठून मोळ्या बांधते, कोपीत परत मार खाते. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना हे सांगायला लागत नाही. समोरासमोर झटापटीत ती त्याला पुरी पडत नाही. म्हणून अशी एखादी बाई उलटतेच, तेव्हा बहुतेक तो झोपलेला असतो. आणि झोपलेल्या माणसावर वार म्हणजे थंड डोक्याने केलेला खून. 'अचानक' या शब्दाने तिला दार बंद.

इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईचं हेच झालं. दहा वर्षं मार खाल्ला, १९८९ मध्ये नवरा झोपल्यावर त्याला पेटवलं, जन्मठेप झाली. १९९२ मध्ये अपिलात सुटका झाली, पण प्रक्षोभाच्या मुद्द्यावर नाही, तिच्या मानसिक अवस्थेच्या मुद्द्यावर. पुढे २००९ मध्ये इंग्लंडने प्रक्षोभाचा जुना कायदाच बदलला. ताबा 'अचानकच' सुटला पाहिजे ही अट काढली, आणि जोडीदाराचे बाहेर संबंध होते एवढ्या कारणावर राग धरायचा नाही असं लिहून टाकलं. आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सुयंबुक्कनी खटल्यात साचत गेलेल्या त्रासाला प्रक्षोभ मानलं. नवऱ्याच्या छळाला कंटाळून लेकरांसह विहिरीत उडी घेतलेली बाई होती ती. लेकरं गेली, ती वाचली, तिच्यावर खुनाचा खटला चालला, आणि कोर्टाने तो सदोष मनुष्यवधावर आणला. विहिरीत लेकरांसह उडी! अशा बातम्या मी स्वतः किती लिहिल्यात, मोजदाद नाही. त्यातली एखादी वाचली की आपण म्हणतो, कसली आई. तिला मात्र कुणी म्हणत नाही, "आधी तिला मारलं होतं ना."

हे वाक्य तिच्यासाठी का निघत नाही, याचं उत्तर द्या. मग मी तुमचं मस्साजोगचं वाक्य ऐकून घेतो.

काही जण म्हणतील, अहो पण मार खाल्ल्याचा व्हिडिओ फिरला, पोरांची बेइज्जती झाली, तरुण रक्त आहे. याच्यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे. कायदा तोल गेलेल्याला सवलत देतो, रुबाब गेलेल्याला देत नाही. 'आपली हवा कमी झाली' हा प्रक्षोभ नव्हे. आणि आमच्या जिल्ह्यात हवेचा धंदा किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये आकडा समोर आला, जिल्ह्यात १२०० हून जास्त शस्त्रपरवाने. मग प्रशासनाने ते रद्द करायला सुरुवात केली. कमरेला पिस्तूल लावून चहाला येणारा, स्टेटसला कोयत्याचा फोटो ठेवणारा माणूस जेव्हा म्हणतो की मला अचानक राग आला, तेव्हा त्याला विचारा: अचानक राग आला, ठीक आहे. हत्यार पण अचानक आलं का?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांसाठी. मोर्चात मीही चाललोय, बातम्याही केल्यात. तिथे एक घोषणा सतत होती, फाशी द्या. काही जण तर म्हणायचे, कोर्ट कशाला, गाठून मारा. राग समजतो. पण बघा, आपण काय मागत होतो? आपला राग खरा आहे म्हणून खटल्याशिवाय शिक्षा. म्हणजे तेच वाक्य, आपल्या तोंडून. शिक्षा ठरवताना फाशी की जन्मठेप हा निर्णय कसा घ्यायचा, हे १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात ठरलं. तिथे आरोपीच्या बाजूच्या गोष्टींच्या यादीत टोकाच्या मानसिक आणि भावनिक तणावाचाही विचार सांगितलाय. म्हणजे खून ठरल्यावरही जज्जने आरोपीच्या मनात डोकावायचं आहे. हे मला मान्य आहे. कोर्टाने डोकावावं, सगळे कागद समोर ठेवून, दोन्ही बाजू ऐकून, शपथेवरच्या साक्षी घेऊन डोकावावं. जज्जने डोकावणं आणि टपरीने डोकावणं यात फरक आहे. टपरीला आरोपीचं मन दिसतं, कारण आरोपी तिच्या ओळखीचा असतो, तिच्या जातीचा असतो, नाहीतर तिच्या भीतीचा असतो.

ही पोस्ट टाकली की खाली काय होणार ते मला माहिती आहे. आधी माझं आडनाव बघितलं जाईल. मग मी कुणाच्या बाजूचा ते ठरेल, मग वाचलं जाईल किंवा नाही. आडनाव बघून रागाचं वजन ठरवणं ही आमच्या जिल्ह्याची सवयच झाली आहे. मराठा मेला की एक गट वाक्य बोलतो, वंजारी मेला की दुसरा गट तेच वाक्य बोलतो, दलित मेला की दोघेही मिळून बोलतात.

म्हणून माझं मागणं अगदी छोटं आहे, तीन ओळींचं.

पत्रकार मित्रांनो, निकाल लागेपर्यंत मथळ्यात 'रागाच्या भरात' लिहू नका. लिहायचंच असेल तर 'आरोपीचं म्हणणं' असं लिहा. मेलेल्याचा जबाब आपल्याकडे नसतो, हे विसरू नका.

वकील मित्रांनो, घरात मार खाऊन उलटलेल्या बाईचं वकीलपत्र घ्याल तेव्हा साचलेल्या रागाचा मुद्दा जीव तोडून मांडा. रस्ता मद्रासने दाखवलाय, आपल्या कोर्टातही मांडता येतो.

आणि बाकी सगळ्यांनी, पुढच्या वेळी पंगतीत कुणी म्हणालं की "आधी त्यांना मारलं होतं ना", तर भांडू नका. फक्त विचारा, कधी मारलं होतं? किती वाजता? आणि खून कधी झाला? मधल्या वेळेत काय काय केलं? एवढं विचारलं तरी बोलणारा पत्रावळीकडे बघायला लागतो. मी करून पाहिलंय.

ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. खटल्याचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा मी केला नाही, ती माझी दुसरी चूक. पण तिचा प्रश्न मी आता प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक बातमीला विचारतो. तो रागात होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?